गोळीच्या मशीनला मेणाचा हात

मशीन घरात आलं त्या दिवसापासून माझ्या सासऱ्यांनी पुढच्या दारानं ये-जा करणं सोडलं.

अंबरनाथ पूर्वेला आमचं बैठं घर होतं. रस्त्याला लागून पुढची खोली, तिला शटर. मागे स्वयंपाकघर, झोपायची खोली, आणि न्हाणीच्या बाजूनं बोळात उघडणारं एक दार. सासरे दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून, शटर अर्धं वर करून पेपर वाचायचा, ही त्यांची सकाळ. ती खोली नवऱ्यानं मशीनसाठी घेतली तेव्हा ते भांडले नाहीत. खुर्ची उचलून त्यांनी बोळातल्या दाराशी नेऊन ठेवली, चपलाही तिकडेच ठेवल्या. "पोरांना जुगार शिकवणार हा," एवढं मला ऐकू जाईल असं म्हणाले, आणि मुलाशी बोलणं बंद केलं.

सासूबाई मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या. त्यामुळे दोघांचे निरोप माझ्याकडून जायचे. "त्याला सांग, मोटर पाणी ओढत नाही." "बाबांना सांग, उद्या बघतो." दोघं एकाच स्वयंपाकघरात, एकाच वेळी जेवायला बसलेले असायचे, आणि मी मधे वाढपी.

नवरा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. सुट्टीच्या दिवशी उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या गोडाऊनमध्ये वायरिंगची कामं करायचा. शेठ मुंबईला तोडायला आलेल्या जहाजांवरचं सामान लॉटनं उचलायचा, म्हणजे गाद्या, पंखे, खुर्च्या, भांडी. अशाच एका लॉटात हे मशीन आलं होतं. खलाशांच्या करमणुकीचं पिनबॉल. शेठ ते भंगारात काढणार होता. माझ्या नवऱ्यानं ते उघडून बघितलं, आतल्या तारांचं जाळं बघितलं, आणि त्याला झोप येईना. कित्येक सुट्ट्या तो त्यात डोकं घालून बसला. आपल्याकडची वीज त्याला चालत नव्हती, म्हणून वेगळा ट्रान्सफॉर्मर गुंडाळला. एक दिवस दिवे लागले, घंटा वाजली. शेठ खूश झाला. म्हणाला, "साईं, तूने जिंदा किया, तू ही रख. धंदा अपना आधा-आधा."

आमच्या गल्लीत त्याला कुणी पिनबॉल म्हटलं नाही. सगळे म्हणायचे गोळीचं मशीन. कमरेएवढ्या उंचीची लांबट पेटी, वर काच. काचेखाली उतरती लाकडी फळी आणि फळीवर चित्र. दांडा ओढून सोडला की स्टीलची गोळी वर जायची, छत्र्यांसारख्या टोप्यांवर आपटत, दिवे पेटवत खाली यायची. खाली दोन पट्ट्या. बाजूची बटणं दाबायची आणि पट्टीनं गोळी पुन्हा वर मारायची. दोन पट्ट्यांच्या मधून गेली की संपलं.

चित्रात जंगल होतं. मागे घुमटांचा राजवाडा, एका कोपऱ्यात वाघ, आणि मधोमध निळसर अंगाची बाई. तिला चार हात. एका हातात दिवा, एकात साप, एकात डमरूसारखं काहीतरी, चौथा मोकळा. डोक्यावर मोरपिसांचा मुकुट, पण चोळी सर्कशीतल्या बाईसारखी चमचमती. हा देश कधी न पाहिलेल्या कुणा परदेशी चित्रकारानं ऐकीव माहितीवर रंगवलेलं ते चित्र असणार. खेळायला येणारी पोरं तिला राणी म्हणायची. "राणीच्या डाव्या हातावर मार, जास्त पॉइंट मिळतात," असं त्यांचं चालायचं.

फळी सांभाळण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण नवऱ्याचा जीव फक्त तारांत होता. शेठनं एक चपटा डबा दिला होता, गाडीला लावायच्या घट्ट मेणाचा. मला समोर उभं करून सांगितलं, "भाभी, ये लकडी है. पानी लगा तो फूल जाएगी. पानी बिलकुल नहीं. पहले सूखा कपडा, फिर मोम. पतला, एकदम पतला."

शुक्रवारी आमच्याकडे दुपारपर्यंत लाईट नसायची, एमआयडीसीलाही सुट्टी. तो माझा मेणाचा दिवस. नवरा पुढची लोखंडी पट्टी काढून काच सरकवून बाहेर घ्यायचा आणि भिंतीशी जुन्या गोधडीवर उभी करून ठेवायचा. काच निघाली की मशीन उघड्या जखमेसारखं वाटायचं. मी आधी गोळी बाहेर काढून हातात फिरवून बघायची. तिला कुठे खरखर लागली तर ती बाद, कारण खरखरीत गोळी फळीवर पॉलिश पेपरसारखी फिरते. मग मऊ कपड्यानं रबरांची काळी भुकटी टिपून घ्यायची. मग मेण. बोटाला गुंडाळलेल्या फडक्यावर नखाएवढं घ्यायचं आणि गोल गोल फिरवत एक हात द्यायचा. थोड्या वेळानं ते पांढरट धुकं धरतं. धरलं की जुन्या मलमलीनं पुसून काढायचं. पुसता पुसता खालचे रंग वर येतात. आधी वाघ उजळायचा, मग राजवाडा, सगळ्यात शेवटी राणी, कारण टोप्यांच्या मधे तिच्यापर्यंत बोट नीट पोचायचं नाही. बदलापूरजवळच्या गावातलं माझं माहेर. लहानपणी आईबरोबर तांदळाच्या कणगीपासून अंगणापर्यंत काय काय सारवलं होतं मी. पण कुठल्या गोष्टीला इतक्या हलक्या हातानं शिवायची वेळ कधी आली नव्हती. ते काम मला आवडायला लागलं होतं. घरात कुणी कुणाशी बोलत नसताना तेवढा वेळ माझा मलाच मिळायचा.

खेळणाऱ्यांत एक तरुण होता, आमच्याच भागातल्या मंडळाचा. विशी ओलांडलेला, अंगानं दणकट, शर्टाची दोन बटणं उघडी. वाईट नव्हता. गणपतीत दिवसरात्र राबायचा. पण त्याला हरणं सोसत नसे. गोळी खाली यायला लागली की तो अख्खं मशीन दोन्ही हातांनी उचलून वाकडं करायचा. पुढचे पाय जमिनीवर धाडकन आदळायचे. मशीन तसं हलवलं की आपोआप बंद पडतं, तशी सोयच असते त्यात. ते बंद पडलं की तो काचेवर बुक्का मारायचा. नवऱ्यानं त्याला दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा नवरा कामावर होता आणि मी होते. काचेवर बुक्का बसला तसा आत राणीच्या खांद्याशी रंगाचा एक टवका उडालेला मी बघितला. मी मागे जाऊन स्विच बंद केला.

"आजपासून तुम्ही इथं खेळायचं नाही," मी म्हटलं.

खोलीत आणखी पाच-सहा जण होते. तो हसला, पण कानशिलं लाल झाली.

"वहिनी, चार पोरांसमोर बोलताय. लक्षात ठेवा."

"ठेवते. आता निघा."

तो शटरखालून वाकून गेला. जाताना शटरला पायानं ठोकर दिली नाही, काही नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

नव्वदनंतरच्या त्या दोन-तीन वर्षांत एकूणच हवा तापलेली होती. कोण कधी कशावरून भडकेल, सांगता यायचं नाही. त्यामुळे आठवड्याभरानं शेजारच्या मावशी भिंतीपलीकडून हाक मारून म्हणाल्या, "अगं, तुमच्या मशीनमध्ये देवीचं चित्र आहे का गं?" तेव्हा मी भिंतीशी धावले.

"देवीचं? नाही हो. राणी आहे कुणीतरी."

"मंडळात बोलतायत. देवीच्या अंगावर लोखंडाची गोळी मारतात, वरून पैसे घेतात. उद्या संध्याकाळी सगळे येणारेत म्हणे. माझा भाचा सांगत होता." मावशींनी आवाज आणखी खाली आणला. "तोडणार आहेत."

नवरा कामावरून आला तेव्हा मी चहाच्या आधी हे सांगितलं. तो बूट न काढता तसाच पीसीओवर गेला. उल्हासनगरला शेठच्या गोडाऊनवर फोन लावला. शेठ अहमदाबादला गेलेला. मशीन हलवायला टेम्पोवाला गाठला, तर तो म्हणाला, परवा सकाळी येतो, आधी जमत नाही. नवरा परत आला आणि मशीनसमोर उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं रजा टाकली.

सकाळी मी भाजी घेऊन आले तर पुढच्या खोलीचं शटर बंद आणि आत दिवा चालू. काच काढून भिंतीशी ठेवलेली. नवऱ्याच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा होता.

"हे काय?"

"दोन हात घासून टाकतो. आणि तोंड. मग कोण म्हणणार देवी?"

"अहो, थांबा."

"मग काय करू? ते येऊन कुऱ्हाडी घालतील. मशीन जाईल ते जाईल, शेठला काय सांगू? आणि घरात बाबा आहेत, तू आहेस."

त्याचा हात फळीवर टेकला होता. मी त्याचं मनगट धरलं. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण असं जोरानं मी त्याला कधी धरलं नव्हतं.

"आज घासलंत की त्यांना काय दिसेल? काल इथं देवी होती आणि आज ह्यांनी तिचं तोंड खरवडलं. हे जास्त वाईट नाही का? अख्खी गल्ली खेळून गेलीय, सगळ्यांनी बघितलंय चित्र."

तो थांबला. पेपर त्यानं मुठीत चुरगळला.

"मग तूच सांग काय करायचं."

मला तरी काय माहीत होतं? मी म्हटलं, "आहे तसं दाखवू या. लपवलं तर वाटेल काहीतरी आहे."

ती दुपार जाता जात नव्हती. दोघांनाही जेवण गेलं नाही. सासरे नेहमीप्रमाणे जेवले, बोळातल्या दाराशी खुर्चीवर जाऊन बसले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे मशीनचं नाव काढावं लागलं असतं. मी पुढच्या खोलीत जाऊन फडकं घेतलं आणि मेणाचा डबा उघडला. शुक्रवार नव्हता. पण हाताला काहीतरी हवं होतं. राणीच्या खांद्याशी उडालेल्या टवक्यावर मी आधीच निळ्या रंगाचा ठिपका देऊन वर नेलपॉलिश लावलं होतं, बिनरंगाचं. त्यावरून मेण फिरवलं, मग पूर्ण फळीला एक हात दिला. काच नवऱ्यानं परत बसवली. बाहेरून जाणाऱ्या प्रत्येक सायकलीच्या घंटेला मान वर होत होती.

ते पाचच्या सुमारास आले. वीस-पंचवीस असतील. रस्ता भरल्यासारखा वाटला. शटर नवऱ्यानं आधीच पूर्ण वर केलं होतं. पुढे मंडळाचे अध्यक्ष, चाळिशीचे, वाळू-विटांचा धंदा करणारे गृहस्थ. त्यांच्या बाजूला तो तरुण. मागच्या दोघांच्या हातात लोखंडी गज होते. घोषणा वगैरे काही नाही.

"काच काढा," अध्यक्ष म्हणाले.

नवऱ्यानं पट्टी सोडवली. काच ओढताना ती त्याच्या घामेजल्या हातातून निसटायला लागली, मी पलीकडची कड धरली. आम्ही दोघांनी ती भिंतीशी ठेवली. गर्दी आत सरकली. खोलीत श्वास घ्यायला जागा उरली नाही. एकानं फळीवर झुकून पंजा टेकवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हात नका लावू, घामाचा डाग बसतो."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की नवरा माझ्या पुढे येऊन उभा राहिला.

"चार हात," तो तरुण बोट दाखवून म्हणाला. "साप. डमरू. आता सांगा."

"परदेशी मशीन आहे हो," नवरा म्हणाला. "जहाजावरून आलंय. गोऱ्या लोकांनी कसलं तरी चित्र काढलंय."

"गोऱ्यांनी काढलं म्हणून आपण गोळ्या मारायच्या? आणि तिच्या अंगातले कपडे बघा!"

मागून कुणीतरी म्हणालं, "बोलत काय बसलाय, घ्या ना उचलून." कुणाच्या तरी हातात किल्ली होती. ती फळीवर टेकली आणि राणीच्या कोपरापासून खालपर्यंत कर्रकन ओढली गेली. तो आवाज माझ्या दातांत गेला. नवऱ्यानं त्या माणसाचा हात पकडला, त्यानं झटकला, एक गज वर झाला. आता पडतंय, असं वाटून मी डोळे मिटले.

"काय चाललंय?"

सासऱ्यांचा आवाज होता. ते रस्त्यावरून, पुढच्या बाजूनं आले होते. बोळातून वळसा घालून, अंगात बनियन आणि पंचा, पायात काही नाही. लोकांनी वाट दिली. आमच्या भागात त्यांना मान होता. रोज सकाळी शिवमंदिरात जाणारे, कुणाच्या घरी सत्यनारायण असला की मांडणीत काय चुकलं ते सांगणारे. अध्यक्षांनी त्यांना वाकून नमस्कार केला.

"काका, बरं झालं आलात. तुम्हीच सांगा. ही देवी आहे की नाही?"

त्या घरात मशीन जावं असं कुणाला मनापासून वाटत असेल तर ह्या माणसाला. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं.

"चष्मा आण," ते मला म्हणाले.

मी स्वयंपाकघरात पळाले. चष्मा देताना माझ्या हाताला मेणाचा वास होता, तो त्यांना आला असावा, कारण त्यांनी एकदा माझ्या बोटांकडे बघितलं. मग ते फळीवर वाकले. इतके महिने त्या खोलीत पाऊल न टाकलेला माणूस पहिल्यांदा ते चित्र बघत होता. सावकाश बघत होते. दिवा, साप, डमरू, मोकळा हात. मुकुट. पायाखाली काय आहे तेही बघितलं. मला त्यांच्या श्वासाचा घर्र आवाज ऐकू येत होता.

ते सरळ झाले.

"हे मशीन मला आवडत नाही," ते म्हणाले. "आलं त्या दिवसापासून मी माझ्या मुलाशी बोललेलो नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांना ते माहीत आहे."

तो तरुण पुढे झाला. "तेच तर म्हणतोय आम्ही, काका..."

"थांब. मला मशीन आवडत नाही. पण ही देवी नाही. आपल्या कुठल्याच देवीचं रूप असं नाही. हातात काय असतं, पायाशी काय असतं, वाहन कोणतं, सगळं ठरलेलं असतं. ही कुणीतरी नाचणारी बाई आहे. देवी असती तर पहिल्याच दिवशी मी स्वतः हे रस्त्यावर काढलं असतं. तुमची वाट बघितली नसती."

"पण चार हात..."

"चार हात काढले म्हणून देवी होत नाही. तू सांगतोस मला?"

शेवटचं वाक्य ते ओरडून बोलले. एरवी त्यांचा आवाज कधी चढत नसे. तो तरुण मागे हटला, पण त्याची मूठ वळलेली होती. तो अध्यक्षांकडे बघत होता. सगळेच अध्यक्षांकडे बघत होते. त्यांनी एकदा फळीकडे बघितलं, एकदा सासऱ्यांकडे.

"काका म्हणतायत म्हणजे झालं," ते शेवटी म्हणाले. "चला. पण सणासुदीला हे बंद ठेवायचं." नवऱ्यानं मान डोलावली. ते वळले तसे गज खाली झाले. तो तरुण सगळ्यात शेवटी गेला. उंबऱ्याशी थांबून म्हणाला, "आज काका होते म्हणून." आणि गेला.

नवऱ्यानं शटर ओढून घेतलं. त्या आवाजानं मी दचकले आणि खाली बसले. सासरे आतल्या दारानं स्वयंपाकघरात गेले. माठातलं पाणी प्यायले. मी थोड्या वेळानं त्यांच्या मागे गेले. ते ओट्याला टेकून उभे होते, भांडं हातात तसंच.

"बाबा, तुम्ही होतात म्हणून..."

"मला कळलं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"ती कोण आहे ते. इतकं बघितलं, पण नक्की काही कळेना. साप आहे, डमरू आहे. काढणाऱ्याच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. असेलही."

"मग तुम्ही एवढं ठामपणे..."

"तो गज त्याच्या डोक्यापासून हातभर लांब होता." त्यांनी पुढच्या खोलीतल्या मुलाच्या दिशेनं हनुवटी हलवली. "काय सांगणार होतो मी?"

भांडं खाली ठेवून त्यांनी सदरा चढवला आणि मंदिरात निघून गेले. सकाळी जाऊन आलेला माणूस पुन्हा गेला. दिवेलागण होऊन गेली तरी परत आले नव्हते. नवऱ्याला मी ते बोलणं सांगितलं नाही. त्यांचं होतं, त्यांच्याकडेच राहू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच मला बोलावलं. "ते चित्र खोडू नका. पण तिच्या अंगाला गोळी लागता कामा नये. काहीतरी लाव वरून, म्हणजे गोळी त्या झाकणाला लागेल, तिला नाही. होईल का तसं?"

त्याच सकाळी टेम्पो येणार होता, तो नवऱ्यानं रद्द केला. मी उल्हासनगरला गेले. तिथल्या कॅम्पच्या बाजारात रिक्षांच्या नंबरप्लेटी, काचांवरची नावं करणारे रेडियमवाले बसायचे. त्यांच्यापैकी एकाला विचारून मी पारदर्शक चिकट प्लॅस्टिकचा जाड ताव आणला, मागे कागद असलेला. घरी येऊन काच काढली. किल्लीचा ओरखडा नीट बघितला. आदल्या दुपारी दिलेला मेणाचा हात त्यानं खाल्ला होता. मेण निघालं तसा बहुतेक ओरखडा त्याच्याबरोबरच निघून गेला. फक्त शेवटी, जिथे किल्ली जोरात टेकली होती तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा रंग उडाला होता.

पण मेणावर चिकट ताव बसत नाही. त्यामुळे इतक्या महिन्यांत थराथरानं चढवलेलं मेण राणीच्या अंगावरून मलाच काढावं लागलं. फडक्याला पांढऱ्या पेट्रोलचा ओलावा देऊन, थोडं थोडं. टोप्या नवऱ्यानं खोलून दिल्या. राणी कोरडी, फिकट दिसायला लागली. कागदाच्या साच्यावरून ताव कापला, आणि मग कळलं की हे दोन माणसांचं काम नाही. एकानं मागचा कागद हळूहळू ओढायचा, एकानं ताव वर ताणून धरायचा, आणि एकानं मधून बाहेर दाबत जायचं. एकदा टेकला की उचलता येत नाही, उचलला तर खालचा रंग घेऊन येतो.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. "बाबा, जरा धरता का?"

ते आले. ताव त्यांनी दोन्ही कोपऱ्यांत चिमटीत धरला. नवरा समोर, कागद ओढायला. मी मधे, मलमलीचा बोळा घेऊन. मुकुटापासून सुरुवात केली. खांद्यापर्यंत ठीक गेलं. दिव्याच्या हातापाशी हवेचा फुगा धरला आणि नवऱ्यानं घाईनं कागद ओढला.

"हळू," सासरे म्हणाले.

नवऱ्याचा हात थांबला. त्यानं वर बघितलं नाही.

"तिकडून दाब आधी. तुझ्या बाजूनं. अंगठ्यानं."

त्यानं अंगठ्यानं दाबलं. फुगा कडेला सरकला आणि गेला.

"आता ओढू?" नवऱ्यानं विचारलं.

"ओढ. एकदम नको."

मी मान खाली घालून बोळा फिरवत राहिले. माझे डोळे भरले होते आणि त्या तावावर थेंब पडू द्यायचा नव्हता.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. बाप-लेक कामापुरतं बोलायला लागले, पण पूर्वीसारखं कधीच नाही. खुर्ची मात्र सासऱ्यांनी पुढच्या खोलीत आणली, मशीनकडे पाठ करून, आणि शटर उघडं असेपर्यंत ते तिथं बसायला लागले. मुलाला सोबत म्हणून की खेळणाऱ्यांवर नजर ठेवायला, ते त्यांनी सांगितलं नाही. तो तरुण पुन्हा आला नाही. बाजारात समोर आला की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, आणि मीही पिशवी घट्ट धरून दुसरीकडे बघायची. बरेच महिने, संध्याकाळी बाहेर चार माणसं एकदम थांबल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून शटरच्या फटीतून बघायची. बहुतेक वेळा ती भाजीवाल्याशी भाव करणारी माणसं असायची. तरी बघितल्याशिवाय परत वळता यायचं नाही.

पुढे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम आले आणि गोळीच्या मशीनकडे कुणी फिरकेना. शेठनं ते बदलापूरच्या एका हॉटेलवाल्याला दिलं. टेम्पोत चढवताना नवरा एका बाजूला, शेठची दोन माणसं दुसऱ्या बाजूला होती, आणि सासरे रस्त्यात उभे राहून मागून येणाऱ्या रिक्षा थांबवत होते.